हरणाबाईने भरलेली काहील

हरणाबाईला वाचता येत नाही. कुणी हे तिला वाचून दाखवलं, तर ती म्हणेल, "बाईला दुसरं काम न्हवतं व्हय?" तरी लिहिते आहे. माझी मुलगी प्रमिला सांगलीला स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या एका धरणाच्या कामावर शिकायला गेली आहे. बरोबर सगळे मुलगे, मुलगी ती एकटीच. तिथे राहायची सोय चांगली आहे असं तिने कळवलंय, पण आईला तेवढ्याने झोप लागत नाही. नुसतं छताकडे बघत पडण्यापेक्षा उठून दिवा लावला. लिहायला बसल्यावर पहिलं नाव आलं ते हरणाबाईचं, कारण प्रमिला आज त्या धरणावर उभी आहे त्याला ती कारण आहे. आणि तिथवर पोचायच्या आधीच तिची वाट बंद व्हायची वेळ आली होती, त्यालाही हरणाबाईच कारण होती.

चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा. प्रमिला दहावीतून अकरावीत जाणार होती. सांगलीच्या एका महाविद्यालयाने त्या वर्षी एक नवीन प्रयोग केला. शाळेतली शास्त्राची गोडी असलेली मुलं सुट्टीत महिनाभर प्राध्यापकांच्या हाताखाली घ्यायची, आणि त्यांना खऱ्या संशोधनातला एखादा तुकडा स्वतंत्रपणे करायला द्यायचा. शेवटी सांगलीला सगळ्यांसमोर उभं राहून आपण काय केलं ते सांगायचं. रहिमतपूरच्या शाळेतून मुख्याध्यापकांनी प्रमिलाचं नाव कळवलं आणि तिची निवड झाली.

काम होतं लालासाहेब मोहिते नावाच्या प्राध्यापकांचं. बहात्तरच्या दुष्काळात माणदेशात ठिकठिकाणी पाझर तलाव खोदले गेले. त्यांतलं किती पाणी जमिनीत मुरतं आणि किती नुसतं उन्हाने उडून जातं, हे त्यांना शोधायचं होतं. प्रमिलाला मिळालेला तलाव आटपाडीच्या पुढे, एका धनगरवस्तीजवळ होता.

घरात हे पटवायचं होतं माझ्या दिरांना. माझे यजमान लष्करात, जम्मूकडे. शेती, ऊस, घरातले निर्णय, सगळं नाथाजीभावजी बघायचे. माणूस वाईट नव्हता. पुतणीवर त्यांचा जीवही होता, पण तो जीव त्यांना लवकर चांगलं स्थळ बघण्यातच दिसायचा.

"वैनी, पोरं सुट्टीत मामाच्या गावाला जात्यात. आपली माळावर पाणी मोजायला जाणार?"

"महिनाभराचाच प्रश्न आहे, भावजी."

"आन लोकांनी इचारलं, पोरगी कुठाय, तर काय सांगू? उन्हात पाणी उडतंय का ते बघाया गेलीय? लोक म्हणतील, ह्यांच्यात कुणाला ठावं न्हवतं का."

प्रमिला हसली आणि तिथेच माझं काम थोडं सोपं झालं. पण भावजी उठता उठता म्हणाले, "जाऊ द्या म्हणताय तर जाऊ द्या. पर तिकडनं एक जरी तक्रार आली, तर मॅट्रिक झाली की बास. मग दादाला पत्र लिवून मला गप करायचं न्हाई."

मी हो म्हटलं. मी स्वतः साताऱ्याला राहून बी. ए. केलं, ते माझ्या वडिलांनी कुणाचं ऐकलं नाही म्हणून. मुलीच्या वेळी मला मात्र अट घालून घ्यावी लागली.

मी स्वतः तिला पोचवायला गेले. मायणीला गाडी बदलून, पुढे आटपाडी, आणि तिथून मोहिते सरांच्या जीपने. मुलग्यांची सोय तलावांवरच्या शेडमध्ये होती. मुलगी एकच, म्हणून सरांनी तिच्यासाठी घर शोधलं होतं. तलावाला लागून हरणाबाईचं रान, रानात दगडामातीचं घर. नवरा कोंडीबा मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या गावांकडे गेलेला. घरी ती, लहान कोकरं आणि चार शेळ्या.

हरणाबाई दारात उभी होती. उंच, हाडापेराने मजबूत, हनुवटीवर गोंदण, हातात चांदीची जाड कडी. तिने प्रमिलाला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ही व्हय तुमची शास्त्रीण? लय बारीक हाय."

मी पिशवी उघडून सांगायला लागले. हे तापावरचं औषध, हे पोटाचं, पाणी उकळून द्या, उन्हात डोक्याला बांधायला सांगा, रात्री कडी नीट लावा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आवं बाई, लेकरू ठिवून चाललाय का दवाखाना?"

जीपमध्ये बसल्यावर मी मागे वळून बघितलं, तेव्हा ती प्रमिलाच्या डोक्याला आपल्या हाताने फडकं बांधत होती.

तिच्या आयुष्याबद्दल मला पुढे प्रमिलाकडून कळत गेलं, थोडं तिच्याकडूनही. तिचं बालपण चालण्यात गेलं. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरांमागे निघायचं, पुढच्या पावसाच्या तोंडाला परतायचं. लग्न झाल्यावरही तेच. मग दुष्काळ आला. निम्मी मेंढरं चाऱ्यावाचून गेली, उरलेल्यांतली बरीच मातीमोलाने द्यावी लागली. ती दुष्काळी कामावर जाऊन माती वाहू लागली. प्रमिला जो तलाव मोजत होती, तो बांधताना हरणाबाईच्या डोक्यावरही पाटी होती. त्याचा तिला अभिमान वगैरे नव्हता. "खड्डाच त्यो. पाऊस आला म्हनून तळं झालं," एवढंच म्हणायची.

त्या वर्षातली एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगे. त्यांच्या मेंढरांच्या वाड्याशेजारी एक दगडी डोण होती, मेंढरांना पाणी पाजायची. विहीर आटली तशी डोण कोरडी पडली. एका दुपारी ती कामावरून आली, तर डोणीभोवती होले पडलेले. पाणी असेल म्हणून आलेले आणि तिथेच मेलेले. माणसांचे हाल तिने सोसले, मेंढरं गेली तेही सोसलं, पण ती पाखरं तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हती. दुष्काळ सरल्यावर तिने एक नेम केला. ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून उन्हं उतरताना हंडा आणायचा, तो आधी उघड्यावरच्या भांड्यात ओतायचा, मग घरातल्या डेऱ्यासाठी दुसऱ्या खेपेला जायचं.

हे सगळं मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं झालंच नसतं. सरांनाही माहीत नव्हतं. आणि प्रमिलाला तोवर माहीत व्हायची वेळच आली नव्हती.

तिचं मुख्य काम असं होतं. हरणाबाईच्या अंगणापलीकडे मोकळ्यावर सरांनी एक पत्र्याचं भांडं बसवलं होतं. गोल, उथळ, गुळाच्या काहिलीएवढं रुंद. म्हणून सगळे त्याला काहीलच म्हणू लागले. तिच्यात पाणी भरलेलं, मध्ये एक टोकदार खिळा, वर तारेची जाळी. रोज सकाळी बघायचं, पाणी खिळ्याच्या टोकाखाली किती गेलं. मापाच्या भांड्याने पाणी घालत टोकापर्यंत आणायचं. जेवढं घालावं लागलं तेवढं आदल्या दिवशी उन्हाने उडालं. त्यावरून तलावाचा हिशेब. सरांनी बजावलं होतं, सकाळी एकदाच, नंतर काहिलीला हात लावायचा नाही. ते झालं की प्रमिला दिवसभर तलावावर, काठावरच्या पट्ट्या वाचायला आणि विहिरींची पाणी-पातळी घ्यायला. परतायची ती दिवेलागणीला.

पंधरवडा झाला असेल नसेल, प्रमिलाच्या शाळेत मोहिते सरांचा ट्रंककॉल आला. "मुलीच्या आईने येऊन जावं." मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, तर सर म्हणाले, आल्यावर बोलू.

भावजींना मी सांगितलं, भेटून येते. त्यांनी विचारलं, "आजारी न्हाई न्हवं?" मी नाही म्हटलं. "मग तक्रार?" मी पिशवी उचलली. मला खरंच माहीत नव्हतं. गाडीत बसल्यापासून माझं सगळं वाईट तेवढं मनात आणून झालं होतं, साप, ताप, विहीर. पण सरांनी जे सांगितलं ते त्यांत नव्हतं.

सर काहिलीजवळच उभे होते, प्रमिलाही. तिचे डोळे सुजले होते, पण ती रडत नव्हती.

"बाई, तुमच्या मुलीने निरीक्षणं घरात बसून लिहिलेली आहेत," सर म्हणाले. आवाज चढा नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "मे महिना आहे. दुसऱ्या तलावांवर काहिलीतलं पाणी झपाट्याने खाली जातंय. हिच्याकडे श्रावणात उडावं तेवढं उडतंय. आणि हे बघा, काही दिवशी तर लिहिलंय, पाणी वाढलं, काढून टाकावं लागलं. आभाळात ढग नाही आणि पाणी वाढलं."

"वाढलंच होतं, सर," प्रमिला म्हणाली.

"मी हिला घरी पाठवणार आहे. दुसऱ्या मुलांच्या कामावरही संशय यायला नको. तसं शाळेलाही कळवावं लागेल."

शाळेला कळवणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. गावात संध्याकाळपर्यंत ते चावडीवर पोचलं असतं, आणि भावजींना मला आठवण करून द्यायचीही गरज पडली नसती. तिची शाळा एका वर्षावर आली असती आणि कपाळावर खोटारडी हा शिक्का कायमचा.

मी प्रमिलाला विचारलं, "खरं काय आहे?"

"आई, जे दिसलं तेच लिहिलं. जाळी कधी कधी एका बाजूने उचललेली असायची. शेळ्यांनी ढुसणी दिली असेल म्हणून मी परत बसवायची. दुसरं काही मला माहीत नाही."

मी तिच्याकडे बघितलं आणि सरांकडे वळले. एरवी मी प्राध्यापकांसमोर बोलले नसते. "सर, मी शास्त्र शिकलेली नाही. पण हिला खोटंच लिहायचं असतं, तर हिने तुम्हाला पटेल असं लिहिलं असतं. मेमध्ये पाणी वाढलं, असं कुठलं पोर घरात बसून लिहील?"

सर वही पुन्हा चाळू लागले. त्यांना ते थोडं पटलंय असं मला वाटलं, पण पटणं निराळं आणि कारण सापडणं निराळं. कारण नव्हतंच आमच्याकडे.

उन्हं उतरत होती. ओढ्याच्या बाजूने हरणाबाई येताना दिसली, डोक्यावर पितळी हंडा, हात मोकळे सोडून ताठ चालत. आम्हाला बघून म्हणाली, "आली व्हय आई? च्या घेतला का न्हाई?" आणि बोलता बोलताच काहिलीपाशी गेली, पायाने जाळीची एक बाजू सरकवली, हंडा उतरवला आणि अख्खा हंडा काहिलीत ओतला. मग वाकून खिळ्याकडे बघितलं, टोक बुडालं का ते. समाधान झालं तशी जाळीची कड एका दगडावर टेकवून ठेवली, पाखरांना आत जाता यावं म्हणून.

आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो.

"हे काय केलंत?" सर म्हणाले.

"काय केलं? पानी वतलं."

"रोज ओतता?"

"तर. तुमी ठिवली तवापासनं. जनावरं आन पाखरं पित्यात, ऊन पितंय, दिसभरात कमी हुतंय. तुमचा ह्यो खिळा हाय की, तितपत्तुर भरायची. कवा कवा हात सैल सुटतो, वर जातं जरा."

"अहो, पण कुणाला सांगितलं का नाही?"

हरणाबाई जरा चिडलीच. "पाखराला पानी ठिवलं, हे कुनी सांगत हिंडतं व्हय? सांगितलं तर पुन्य जातं."

प्रमिला मटकन खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता इतके दिवस दाबलेलं रडू बाहेर आलं. हरणाबाईला काही कळेना. हातातला हंडा टाकून ती पोरीला जवळ घेऊन बसली आणि सरांवर डोळे वटारून म्हणाली, "काय बोललासा माज्या लेकराला?"

सरांनी सगळं सांगितलं. काहील कशासाठी, खिळा कशासाठी, आणि पोरीवर काय आळ आला होता. ती मन लावून ऐकत होती.

"म्हंजी तुमी उन्हाला मोजून पाजताय."

"तसंच म्हणा."

"आन पाखराला नको."

"पाखरांनी प्यायलं तर मोजमाप चुकतं. म्हणून तर जाळी."

"मग माज्यामुळं चुकलं. पोरीचं काय न्हाई त्यात. हे कुटं सांगायचं ते सांगा, मी येती. साळंत येती, तुमच्या सांगलीला येती." आणि क्षणभराने, तितक्याच ठामपणे, "पर उगड्यावर पानी दिसतंय आन पाखराला न्हाई म्हनायचं, ते मला जमायचं न्हाई. तुमी आपली काहील न्या हितनं."

सरांचा चेहरा उतरला. काहील नेली तर त्या तलावाचा प्रयोग तिथेच संपला, आणि प्रमिलाचाही. निर्दोष ठरूनही तिला रिकाम्या हाताने परतावं लागलं असतं.

प्रमिलानेच विचारलं, "मामी, काहील यायच्या आधी पाणी कुठे ओतत होतीस?"

"डोनीत. तिला चीर गेली. सांजचं भरलं तर सकाळी कोरडी. तुमची काहील आली तवा म्हनलं, कॉलेजवाल्यांनी पाखरांसाठी नवी धाडली. जाळी बी बशीवली, कुत्र्यानं तोंड घालू नये म्हनून. लय शानी मानसं."

सर हसले. तिथे मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग ते म्हणाले, "डोण दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आटपाडीहून सिमेंटचं पोतं घेऊन आले. शर्टाच्या बाह्या वर करून, उकिडवे बसून, त्यांनी आणि प्रमिलाने मिळून ती चीर खरवडली आणि भरली. मी वाळू चाळून दिली. हरणाबाई शेजारी उभी राहून काम बघत होती, मध्येच बोट दाखवून "हितं ऱ्हायलं" म्हणत होती. संपल्यावर तिने डोणीवरून हात फिरवला.

"सायेबाला गवंडीकाम येतंय की."

मी तिथे आणखी राहिले नाही. परत निघाले तेव्हा प्रमिला काहिलीवर जाळी घट्ट बांधत होती. त्यानंतर हरणाबाईचा हंडा डोणीत जाऊ लागला आणि काहिलीचा पहारा ती स्वतःच करू लागली. कुणाची शेळी तिकडे वळली तर म्हणे लांबून ओरडायची, "ए, ते उन्हाचं हाय!"

महिनाअखेरीला सांगलीच्या सभागृहात मुलांनी आपापलं काम सांगितलं. मी गेले, आणि माझ्याबरोबर नाथाजीभावजी आले. त्यांना ट्रंककॉलचं सगळं मी सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. ते फक्त म्हणाले होते, बघू.

प्रमिलाने आपले आकडे सांगितले. पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी विचारलं, पहिल्या पंधरवड्याची निरीक्षणं का गाळली? तिने जसं घडलं तसं सांगितलं. हरणाबाई, हंडा, खिळा, जाळीखालचा दगड. सभागृह हसलं. ती थांबली, आणि हसू ओसरल्यावर म्हणाली की हरणाबाईच्या हंड्याने पाणी वाढल्याची नोंद मी खोडली नाही, ते खरं निरीक्षण आहे, फक्त उन्हाचं नाही. मग मोहिते सर उठले. म्हणाले, "चूक माझी होती. ज्या बाईच्या अंगणात भांडं ठेवलं, तिला ते कशासाठी ते मी सांगितलं नाही. आणि मुलीवर संशय घेतला. दोन्हींबद्दल मी तिची इथे माफी मागतो." शाळकरी मुलीची, भर सभेत.

परतीच्या गाडीत भावजी खिडकीबाहेरचा ऊस बघत होते. इस्लामपूर गेल्यावर त्यांनी प्रमिलाला विचारलं, "आपल्या उसाला पाटानं पाणी देतो, त्यातलं किती उडतंय, हे तुझ्या त्या काहिलीनं कळंल का गं?"

"कळेल की, काका. पण बरेच दिवस मोजावं लागेल."

"मग मोज. हाईस की अजून घरात."

स्थळाचा विषय त्यांनी पुढे काढला नाही. मॅट्रिकनंतर सांगलीला तिच्या प्रवेशासाठी तेच गेले.

कोंडीबाची मेंढरं आता दरवर्षी आमच्या रानात खतासाठी बसतात, आणि तेव्हा हरणाबाई येते. आली की मी तिला काही ना काही देऊ बघते, आणि दरवेळी आभार मानायला जाते, आणि दरवेळी ती वैतागते. याच वर्षी म्हणाली, "माज्यामुळं पोरगी रडली, आन तुमी माजंच गुन गाताय. काय शिकला तुमी साताऱ्यात?"

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, हरणाबाई, तुला ते झाकता आलं असतं. सरांनी विचारल्यावर फक्त आजच ओतलं म्हणाली असतीस तर कुणाला काही कळलं नसतं, आणि तिच्या नावावर ते कायमचं राहिलं असतं. तू दुसऱ्याची मुलगी, चूक माझी म्हणून सांगलीपर्यंत यायला निघालीस.

तिने तोंडातलं पान एका गालात सरकवलं आणि माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. "मंग काय तिच्यावर ढकलायचं व्हतं?" म्हणाली, आणि मेंढरं उसाच्या बांधाकडे वळली म्हणून हाक देत उठून गेली.